‘कितीपैकी?’ : कॉलेजच्या प्लेसमेंटचे आकडे वाचण्याची रीत

सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, पर्याय भरायला हातात मोजके दिवस उरतात. त्या दिवसांत घराघरांत एकच चर्चा असते, कुठल्या कॉलेजची प्लेसमेंट चांगली? एसटी स्टँडसमोरचा फ्लेक्स, वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात, प्रवेश मेळाव्यातला स्टॉल, सगळीकडे ‘९५% प्लेसमेंट’ आणि ‘सर्वोच्च पॅकेज ४४ लाख’ अशा धाटणीचे आकडे. मी सांख्यिकी शिकवते, म्हणून नात्यातले आणि शेजारचे पालक ती माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे येतात. चार वर्षांची फी, होस्टेल, मेस मिळून काही लाखांचा मामला असतो. कुणी पीएफ काढलेला असतो, कुणी कर्जासाठी बँकेत खेटे घालत असतं. अशा वेळी आकडा चुकीचा वाचला गेला, तर त्याची किंमत ते घर पुढची दहा वर्षं मोजतं.

त्यांना मी वहीवर जे मांडून दाखवते, तेच इथे लिहिते आहे. उदाहरणं इंजिनिअरिंगची घेतली आहेत, पण फार्मसी, बीसीए, एमबीए यांनाही हीच रीत लागू पडते. सोबत वही, पेन आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर घ्या. एका कॉलेजला साधारण अर्धा तास लागतो.

पायरी १ : माहितीपत्रक बाजूला ठेवा, मूळ कागद काढा

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची एनआयआरएफ ही देशातल्या कॉलेजांची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या कॉलेजला आपला तपशील ठरावीक नमुन्यात भरून द्यावा लागतो आणि तोच स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावा लागतो. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी किंवा आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या) पानावर ‘एनआयआरएफ’ असा दुवा सापडतो. त्याखाली वर्षवार पीडीएफ असतात. कॉलेजचं नाव पहिल्या शंभरात आलं नसेल तरी बिघडत नाही. भाग घेतला असेल, तर पीडीएफ असायलाच हवी.

त्या पीडीएफमध्ये प्लेसमेंट आणि उच्च शिक्षणाचा तक्ता शोधा. चार वर्षांच्या पदवीसाठी त्यात मागच्या तीन बॅचच्या तीन ओळी असतात. रकाने असे : पहिल्या वर्षाच्या मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश घेतलेले, थेट दुसऱ्या वर्षात आलेले, ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले, नोकरी लागलेले, नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक, आणि पुढील शिक्षणासाठी निवड झालेले. हे सात आकडे वहीत उतरवून घ्या. पुढचं बहुतेक काम यांच्यावरच चालतं.

या तक्त्याची मोठी उणीव म्हणजे त्यात सगळ्या शाखा एकत्र असतात. कॉम्प्युटर आणि सिव्हिल एकाच ओळीत. शाखावार चित्र हवं असेल, तर दोन कागद आणखी आहेत. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेच्या नियमानुसार कॉलेजला संकेतस्थळावर ‘मॅन्डेटरी डिस्क्लोजर’, म्हणजे सक्तीनं जाहीर करायची माहिती, टाकावं लागतं. त्याच्या नमुन्यात गेल्या तीन वर्षांची कॅम्पस प्लेसमेंट आणि किमान, कमाल, सरासरी पगार मागितलेला आहे. दुसरा कागद एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकनाचा स्वयंमूल्यमापन अहवाल. एनबीए मानांकन कॉलेजला मिळत नाही, एकेका अभ्यासक्रमाला मिळतं, त्यामुळे त्या अहवालात शाखेचे आकडे असतात : अंतिम वर्षाला किती मुलं होती, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली, किती जणांनी स्वतःचा उद्योग काढला. काही कॉलेजं तो संकेतस्थळावर टाकतात, काही ठिकाणी विभागप्रमुखांकडे मागावा लागतो. मागायला संकोच करू नका.

हे सगळे आकडे कॉलेजनंच भरलेले असतात, हे मात्र डोक्यात राहू द्या. तरीही फ्लेक्सवरचा आकडा आणि मंत्रालयाला लिहून दिलेला आकडा यांत कॉलेज पुरेसा फरक ठेवतं. दोन्ही शेजारी ठेवले की बरंच काही कळतं.

पायरी २ : छेद शोधा

शाळेत अपूर्णांक शिकवताना वर अंश आणि खाली छेद असतो, हे सगळ्यांनी घोकलेलं असतं. प्लेसमेंटच्या टक्केवारीत जाहिरात अंश दाखवते आणि छेद झाकते. म्हणून ‘९५ टक्के’ ऐकल्याबरोबर तोंडातून एकच शब्द निघायला हवा : कितीपैकी?

एक काल्पनिक कॉलेज घेऊ. त्याचे आकडे असे आहेत :

- मंजूर जागा २४०
- पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले २१६
- डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले २४
- मुदतीत पदवी मिळालेले १६८
- कॉलेजच्या लेखी प्लेसमेंटला ‘पात्र’ ११०
- आलेली ऑफर लेटर १३०
- ऑफर मिळालेले विद्यार्थी ९५
- पुढे शिकायला गेलेले २०

आता या एकाच कॉलेजच्या टक्केवाऱ्या काढा. ऑफर भागिले पात्र विद्यार्थी, म्हणजे १३० भागिले ११०, म्हणजे ११८ टक्के. शंभराच्या वरची टक्केवारी दिसली की समजा, की ऑफर मोजल्या आहेत, मुलं मोजलेली नाहीत. एका हुशार मुलीला तीन ऑफर आल्या तर तिथे ती तीनदा मोजली जाते. मुलं मोजली तर ९५ भागिले ११०, म्हणजे ८६ टक्के. छेदात पदवी मिळालेले सगळे घेतले तर ९५ भागिले १६८, म्हणजे ५७ टक्के. आणि त्या बॅचमध्ये पाय ठेवलेले सगळे, २१६ अधिक २४ म्हणजे २४०, घेतले तर ४० टक्के.

११८, ८६, ५७ आणि ४०. यातला एकही आकडा गणित म्हणून चुकीचा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि पालकाच्या मनातला प्रश्न शेवटच्या दोहोंशी जुळतो.

‘पात्र’ या शब्दावर थोडं थांबू या, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात. दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के हवेत, एकही लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको, मध्ये वर्षाचा खंड नको, अशा अटी कंपन्या घालतात. त्यावर कॉलेज स्वतःच्या अटी चढवतं : प्रशिक्षणाच्या वर्गाला हजेरी, प्लेसमेंट सेलकडे नोंदणी, फी भरलेली. एखाद्या ड्राइव्हला (कंपनीच्या भरतीला) नाव देऊन गेला नाही म्हणून डीबार, म्हणजे पुढच्या भरतीतून बाद, केलेला मुलगा पुढच्या हिशेबातून नाहीसा होतो. यातल्या काही अटी रास्त आहेत. पण ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज होती तोच छेदातून बाहेर काढला, तर उरलेल्यांची टक्केवारी आपोआप वाढते.

आता २४० आणि १६८ यांच्यातला फरक बघा. ७२ मुलं. म्हणजे दर दहांत तिघांना वेळेत पदवी मिळाली नाही. कुणाला इयर डाउन लागलं, म्हणजे वर्ष वाया गेलं, कुणी केटीत (राहिलेल्या विषयांत) अडकलं, कुणी सोडून गेलं. मला विचाराल तर सात रकान्यांत सगळ्यात बोलका आकडा हाच आहे, आणि तोच कुणी विचारत नाही. जिथे मुदतीत पास होणाऱ्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं कमी आहे, तिथे शिकवण्यात, परीक्षेत किंवा मुलांना सावरून घेण्यात काहीतरी कच्चं आहे. कॅम्पसला कंपनी येणं ही त्यानंतरची गोष्ट.

पुढे शिकायला गेलेल्यांचं काय करायचं? त्यांना बेकार मोजणं अन्यायाचं आणि नोकरी लागलेले म्हणणंही चूक. दोन रीती आहेत. एक, त्यांना अंशात मिळवायचं : ९५ अधिक २० भागिले १६८, म्हणजे ६८ टक्के. एनबीएच्या हिशेबात हीच रीत आहे आणि उद्योग काढणारेही त्यात धरतात. दोन, त्यांना छेदातून वजा करायचं : ९५ भागिले १४८, म्हणजे ६४ टक्के. मी दुसरी रीत वापरते, कारण ‘ज्यांना नोकरी हवी होती त्यांच्यापैकी किती जणांना मिळाली’ याच्या ती जास्त जवळ जाते. तुम्ही कुठलीही वापरा, पण सगळ्या कॉलेजांना तीच लावा.

पायरी ३ : ‘लागला’ म्हणजे काय झालं, ते विचारा

ऑफर लेटर मिळालं, म्हणजे नोकरी लागली असं नाही. २०२२ च्या बॅचच्या कितीतरी मुलांना आयटी कंपन्यांनी ऑफर दिल्या आणि मग जॉइनिंगची तारीख महिनोन्‌महिने पुढे ढकलली. माझी भाची त्यांतली एक. तिच्या कॉलेजच्या यादीत ती ‘प्लेस्ड’ होती, आणि घरी ती रोज सकाळी मेल उघडून बघत होती. यादीतलं नाव कुणी खोडलं नाही. तिच्या वाट पाहण्याची नोंद कुठल्याच रकान्यात झाली नाही.

म्हणून विचारा : रकान्यात ऑफर आहेत की रुजू झालेले? सहा महिन्यांची इंटर्नशिप, जिच्या शेवटी कायम करतीलच असं नाही, ती मोजली आहे का? स्टायपेंडवरची अ‍ॅप्रेंटिसशिप? पूल कॅम्पस, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात पाचसहा कॉलेजांचा मिळून झालेला ड्राइव्ह, त्यातली निवड कुणाच्या खात्यात? मुलानं स्वतः खटपट करून बाहेर मिळवलेली नोकरीही यादीत असू शकते. तिचा आनंद आहेच, पण ती प्लेसमेंट सेलची कमाई नाही.

कामाचं स्वरूपही बघा. मेकॅनिकलची मुलगी कॉल सेंटरमध्ये किंवा विम्याच्या विक्रीत लागली, तरी रकान्यात आकडा एकानं वाढतो. आणि बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर किती वर्षांचा, किती रकमेचा, मूळ कागदपत्रं अडकवून ठेवतात का, हे जॉइन झालेल्या मुलांनाच विचारा.

पायरी ४ : सरासरी सोडा, मध्यक धरा

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात मध्य, मध्यक आणि बहुलक आहेत. परीक्षेनंतर कुणी ते पुस्तक उघडत नाही, पण प्रवेशाच्या आठवड्यात मध्यकाचं पान उघडावं.

दहा मुलांचे वार्षिक पॅकेज लाखांत असे धरा : ३.२, ३.४, ३.४, ३.६, ३.६, ३.८, ४.०, ४.५, ६.५ आणि ४४. बेरीज ८० लाख. सरासरी ८ लाख. आता मोजून बघा, ८ लाखांच्या वर किती जण आहेत? एकच. दहांतले नऊ जण ‘सरासरी’च्या खाली. मध्यक काढायचा तर चढत्या क्रमानं लावलेल्या यादीतले मधले दोन घ्या, ३.६ आणि ३.८, त्यांचा मध्य ३.७ लाख. तुमची मुलगी त्या वर्गात मधोमध असेल, तर तिच्यासाठी खरा आकडा हा आहे. ४४ लाखांचा मुलगा पहिल्या पानावर फोटोसह छापला जातो आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच्या पगारावरून इतरांचा अंदाज बांधता येत नाही.

एनआयआरएफच्या तक्त्यात मध्यकच मागितलेला आहे, हे त्या तक्त्याचं मोठं उपकारक काम. मात्र तो नोकरी लागलेल्यांपुरता असतो. आपल्या उदाहरणात १६८ पैकी ७३ जणांना कॅम्पसमधून नोकरी मिळालेली नाही आणि त्यांचा आकडा या मध्यकात कुठेच नाही. म्हणून मध्यक आणि छेद एका वाक्यात वाचायची सवय लावा : ‘१६८ पैकी ९५ जणांना नोकरी लागली आणि त्यांतल्या निम्म्यांना ३.७ लाख किंवा त्याहून कमी मिळतात.’ हे वाक्य वहीत प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे लिहा.

पायरी ५ : पॅकेज आणि हातात येणारा पगार

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते. सहा लाख भागिले बारा बरोबर पन्नास हजार, असा हिशेब करून कर्जाचा हप्ता ठरवलेली घरं मी पाहिली आहेत.

पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीला तो माणूस वर्षाला कितीला पडतो ती रक्कम. त्यात काय काय बसतं, ते ६,००,००० च्या एका नमुन्यावर बघू. त्यातले ६०,००० कामगिरीवर अवलंबून असलेला बदलता भाग आहे, वर्षअखेरीस मिळेल, कदाचित कमी मिळेल. ५०,००० जॉइनिंग बोनस, एकदाच, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुधा परत द्यायचा. उरले ४,९०,०००. त्यातून कंपनीचा पीएफचा वाटा. १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे महिना १,८००, वर्षाचे २१,६००. मूळ वेतन महिना २५,००० असेल तर ग्रॅच्युइटीपोटी त्याच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाला १४,४३०. ती हाती येते ती पुरेशी वर्षं नोकरी झाल्यावरच. आरोग्यविम्याचा हप्ता समजा ५,९७०. हे सगळं गेल्यावर राहतात ४,४८,०००, म्हणजे महिना ३७,३३३. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० कापला जातो (फेब्रुवारीत ३००). खात्यात जमा होतात ३५,३३३.

पन्नास हजारांचे पस्तीस झाले. याच हिशेबानं ३.७ लाखांचं पॅकेज पंचवीस हजारांच्या आसपास येऊन थांबतं, तेही बदलता भाग अजिबात नसेल तर.

आता कर्जाचा हप्ता शेजारी ठेवा. सहा लाख रुपये, १० टक्के व्याज, सात वर्षांची परतफेड, तर हप्ता जवळपास १०,००० येतो. शिकत असतानाच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवलं तर त्याहून जास्त. हिंजवडीला किंवा बंगळुरूला तिघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं, डिपॉझिट, मेस, येणंजाणं हे सगळं उरलेल्यातून भागवायचं. हा हिशेब मुलासमोर बसून करा. त्याच्यावर दडपण येईल म्हणून लपवू नका. तोच पुढे ते हप्ते भरणार आहे.

एमबीएचं कॉलेज बघत असाल तर एक चांगला नमुना उपलब्ध आहे. आयआयएम अहमदाबादनं प्लेसमेंटचे आकडे कसे मांडावेत याची मानकं तयार केली, आयपीआरएस या नावानं ती ओळखली जातात. त्यांत दरवर्षी निश्चित मिळणारी रक्कम, एकदाच मिळणारी रक्कम आणि कामगिरीवर अवलंबून असलेली जास्तीत जास्त रक्कम वेगवेगळी दाखवावी लागते आणि अहवाल बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घेतात. तो अहवाल एकदा वाचला की इतर कॉलेजं काय सांगत नाहीत, ते ठळकपणे जाणवतं. ‘तुमचा अहवाल लेखापरीक्षित आहे का?’ हा प्रश्न कुठल्याही एमबीए कॉलेजला विचारण्यासारखा आहे.

पायरी ६ : वर्ष आणि कटऑफ जुळवून मगच तुलना करा

२०२१-२२ मध्ये आयटीत भरतीची लाट होती, २०२३ पासून ती ओसरली. एका कॉलेजनं २०२२ चा आकडा छापला आणि दुसऱ्यानं २०२४ चा, तर तुम्ही कॉलेजांची तुलना करत नसून बाजाराची तुलना करता आहात. एनआयआरएफच्या तिन्ही ओळी घ्या आणि त्याच वर्षाची ओळ त्याच वर्षाशी लावा. पडत्या वर्षात कोण किती टिकलं, हे मला तेजीतल्या विक्रमापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

दुसरी जुळवणी कटऑफची. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये येणारी मुलंच सीईटीत अगदी वरच्या पर्सेंटाइलची असतात. कंपन्या तिथे जातात तेव्हा निम्मं काम प्रवेशाच्या गाळणीनं आधीच केलेलं असतं. म्हणून ज्या कॉलेजांचा तुमच्या शाखेचा कटऑफ एकमेकांच्या दोनतीन पर्सेंटाइलच्या आत आहे, त्यांचीच तुलना करा. सारख्याच गुणांची मुलं घेऊन एक कॉलेज मध्यक ३ लाखांवर आणि दुसरं ५ लाखांवर नेत असेल, तर त्या फरकात कॉलेजचा हात असण्याची शक्यता बरीच आहे.

पायरी ७ : ‘पदवीधरांची बेकारी’ वाचताना

कॉलेज निवडताना मध्येच कुणीतरी बातमीचं कात्रण पुढे करतं : पदवीधरच जास्त बेकार, मग शिकून उपयोग काय? याचं उत्तर पालकांना नीट मिळत नाही, म्हणून थोडं खोलात जाते.

देशात रोजगाराची मोजणी ‘पीएलएफएस’ या सर्वेक्षणातून होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ते २०१७-१८ पासून करतं, आणि २०२५ पासून त्याचे मासिक आकडेही येतात. २०२२-२३ मध्ये १५ वर्षांवरील सगळ्यांमध्ये बेकारीचा दर ३.२ टक्के होता, १५ ते २९ वयोगटात १० टक्के, आणि १५ वर्षांवरील पदवीधरांमध्ये १३.४ टक्के. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या भारत रोजगार अहवालात २०२२ सालासाठी तरुण पदवीधरांमधली बेकारी २९.१ टक्के आहे, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के.

१३.४ आणि २९.१ मध्ये नेमकं खरं काय? दोन्ही. पहिल्याच्या छेदात पंचेचाळीस वर्षांचे बँक अधिकारी आणि शिक्षकही आहेत, दुसऱ्याच्या छेदात फक्त तरुण. पुन्हा तेच, कितीपैकी.

निरक्षर तरुणांमध्ये बेकारी कमी, म्हणजे त्यांचं बरं चाललं आहे असा अर्थ मात्र काढू नका. या सर्वेक्षणात काम शोधणारा किंवा कामाला तयार असूनही काम न मिळालेला माणूसच बेकार ठरतो. ज्याच्या घरी उद्याची चूल पेटण्याची खात्री नाही, तो वाट बघत बसू शकत नाही. मिळेल त्या मजुरीवर जातो आणि ‘रोजगारात’ मोजला जातो. घरच्या शेतात किंवा दुकानात पगाराशिवाय राबणाराही रोजगारातच. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यात कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं असलं तरी पुरतं. पदवीधराला घरचे वर्ष-दोन वर्षं सांभाळतात, म्हणून तो शोधत राहू शकतो आणि बेकारांच्या रकान्यात दिसतो.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससी करणारा मुलगा घ्या. ‘काम शोधतो आहे, मिळालं तर करीन’ म्हणाला तर बेकार. ‘सध्या अभ्यासच, कामाला उपलब्ध नाही’ म्हणाला तर तो श्रमशक्तीच्याच, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या गटाच्याच, बाहेर, अंशातही नाही आणि छेदातही नाही. मुलगा तोच, खुर्ची तीच. म्हणून बेकारीच्या दरासोबत श्रमशक्तीतला सहभाग आणि कामावर असलेल्यांचं प्रमाण हे दोन आकडेही वाचायचे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी बेकारीच्या दरात दिसतच नाही.

आणि हे सर्वेक्षण तुमच्या कॉलेजबद्दल काहीच सांगत नाही. बाजाराचा अंदाज घ्यायला ते उपयोगी, कॉलेज निवडायला नाही.

पायरी ८ : एमएससाठी बाहेर जायचं असेल तर

अमेरिकेत सरकारचं ‘कॉलेज स्कोरकार्ड’ २०१५ पासून आहे. त्यातले पगार कर खात्याच्या नोंदींवरून काढलेले असतात, त्यामुळे कॉलेजच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही. पण त्यात मोजले जातात ते सरकारी आर्थिक साहाय्य घेतलेले विद्यार्थी. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला ते साहाय्य मिळत नाही, म्हणजे आपली मुलं त्या आकड्यात नाहीतच. वर आपल्या मुलांना व्हिसाची मुदत असते : पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचे, १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४. त्या पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. तिथल्या नागरिकाला सवडीनं मिळालेल्या नोकरीचा आकडा आपल्या मुलावर तसाच बसवता येत नाही. विद्यापीठाला ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचे वेगळे आकडे द्या’ असं मेल करून विचारा.

ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’ हे सर्वेक्षण पदवीनंतर १५ महिन्यांनी होतं. आधीचं सर्वेक्षण सहा महिन्यांनी व्हायचं. ही मुदत लांबवण्यात शहाणपण आहे. पदवीनंतर लगेच जे हाती लागतं आणि वर्षभरानं माणूस जिथे असतो, त्यांत फार फरक पडतो. आपल्याकडे अजून मे महिन्यातल्या ऑफरवरच सगळं थांबतं.

पायरी ९ : कॉलेजात जाऊन विचारायचे प्रश्न

कागद वाचून झाले की एकदा कॉलेजात जा, शक्यतो मुलाला घेऊन. टीपीओ, म्हणजे प्लेसमेंट अधिकारी, बहुतेक ठिकाणी राबणारा आणि वरून दडपण असलेला माणूस असतो. त्यांच्याशी सन्मानानं बोला, ‘सर, आम्हाला समजून घ्यायचं आहे’ अशी सुरुवात करा. मग विचारा :

मागच्या वर्षी आमच्या शाखेतून किती जण पास झाले, त्यांतल्या किती जणांनी नोंदणी केली, किती जण आज रुजू आहेत? ज्यांना कॅम्पसमधून मिळालं नाही, त्यांच्यासाठी पास झाल्यावरही ड्राइव्ह असतात का? सगळ्यात जास्त मुलं घेणाऱ्या तीन कंपन्या कोणत्या आणि त्यांनी काय पगार दिला? या तीन कंपन्यांतच निम्म्याहून जास्त निवडी असतील, तर त्यांपैकी एकीनं यायचं थांबवल्यावर काय होईल, हेही कळतं.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेज माहिती देत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. दहा रुपये शुल्क, साध्या कागदावर अर्ज, उत्तराला ३० दिवस. कॅप राउंडच्या घाईत ३० दिवस परवडत नाहीत, म्हणून मूल बारावीला गेल्यावरच, डिसेंबर-जानेवारीत अर्ज टाकून ठेवा.

लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थी उत्तीर्ण वर्षानुसार बघता येतात. तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली वीस-पंचवीस नावं उघडा आणि आज कुठे आहेत ते वहीत लिहा. तिथे नोकरीतलीच मुलं जास्त असतात, त्यामुळे टक्केवारी काढू नका. कामाचं स्वरूप आणि दोनतीन वर्षांत झालेली प्रगती मात्र दिसते.

शेवटी कॉलेजच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अंतिम वर्षाची चार मुलं गाठा. टीपीओंनी दाखवलेल्या मुलांशी बोलणं झालं असेल तरीही. ‘तुमच्या वर्गात किती जण आहेत, आणि त्यांतल्या किती जणांचं अजून झालेलं नाही?’ एवढंच विचारा. आपापल्या वर्गातली नावं ती बोटांवर मोजून सांगतात. तो आकडा वहीतल्या सात आकड्यांच्या खाली लिहा आणि मगच पर्यायांचा क्रम लावायला बसा, कारण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही.